नारिंगी तंबू

१

फौजदारीणबाईंची दाढ सकाळपासून ठणकत होती, आणि तळ्याकाठी मरून पडलेला माणूस नेमका दातांचा डॉक्टर निघाला. याला म्हणतात नशीब! गालावर हात दाबूनच त्या जीपमधून उतरल्या आणि शिपायावर डाफरल्या, "कुणी कशाला हात लावलाय?"

"सगळ्यांनी सगळ्याला लावलाय, मॅडम," शिपाई म्हणाला.

जागा वनखात्याची. कुणीही यावं, फाटकावर पावती घ्यावी, झाडाखाली आपला तंबू ठोकावा आणि डासांना पोटभर रक्त पाजून घरी जावं. एक नळ, एक संडास, राखणदाराची एक खोली आणि समोर पसरलेलं थंडगार तळं. हंगाम संपलेला होता, म्हणून एकच कुटुंब उतरलं होतं. नळाजवळ त्यांचा मोठा हिरवा तंबू, पलीकडे एक निळा, आणि पार खाली, पाण्याला जवळजवळ चिकटून, एकटाच नारिंगी.

डॉक्टर त्या नारिंगी तंबूत होता. झोपायच्या पिशवीत गळ्यापर्यंत, गाल गुलाबी, चेहरा शांत. पायाशी लोखंडी शेगडी होती. तिच्यातल्या कोळशांची केव्हाच राख झाली होती.

"बंद तंबूत शेगडी घेऊन झोपले! शिकलेली माणसं ही," शिपायानं जीभ चुकचुकवली. "थंडी वाजली असणार. अपघात म्हणून लिहू का?"

बाई तंबूच्या दाराशी उकिडव्या बसल्या. दाराची चेन तुटलेली होती. तिच्या जागी वरपासून खालपर्यंत सेफ्टी पिना लावलेल्या. आत शिरताना कुणीतरी कापड ओढून टरकावलं होतं, पण पिना अजून कापडाला घट्ट धरून होत्या, आणि एकूण एक पीन बाहेरच्या अंगानं लावलेली होती.

"शहाण्या, आत झोपलेल्या माणसानं बाहेरून पिना कशा लावल्या, ते लिही आधी," बाई म्हणाल्या.

शिपायानं वही खिशात घातली. दाराबाहेर रबरी चपलांचा एक जोड होता, एक पट्टा निळा, दुसरा लाल. चपलांशेजारी कपभर चहा. एक घोटही घेतलेला नव्हता, वर साय धरली होती.

"या चपला डॉक्टरच्या?"

"डॉक्टरच्या कशाला असतील?" मागून घोगरा आवाज आला. पांढऱ्या केसांची एक ताठ बाई उभी होती. "माझ्या दुसऱ्या पोराच्या आहेत. त्यानंच मारलंय माझ्या डॉक्टरला. बघत काय बसलात? बेड्या घाला त्याला!"

२

बेड्या घातल्याही. पिना बघितल्यावर कुणालातरी घालायलाच हव्या होत्या, आणि डॉक्टरचा धाकटा भाऊ हात पुढे करून उभाच राहिला. शिपायानं त्याला नळाच्या पाइपाला अडकवलं. साहेबांचा फोन आला, दुपारी गाडी पाठवतोय, आरोपी तयार ठेवा. बाई 'हो' म्हणाल्या. दाढ ठणकत असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

आई हिरव्या तंबूपुढे घडीच्या खुर्चीवर बसली. रडून डोळे सुजले होते, पण जिभेची धार कायम होती.

"वय घोड्याचं आणि अक्कल पाच वर्षांच्या पोराची," ती म्हणाली. "लहानपणी तापात डोकं गेलं त्याचं. लॉंड्रीत चादरींच्या घड्या घालतो. तेवढंच जमतं. आयुष्यभर मी त्याचं केलं, मग माझ्या डॉक्टरनं केलं. मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल बोलावत होतं माझ्या मुलाला. काल जेवताना, हातात घास असताना म्हणतो कसा, 'आई, मी नाही म्हणून कळवून टाकलं. धाकट्याला तिथे करमायचं नाही.' आणि मूलही नको म्हणे. 'आपल्याला आहे की एक.' ऐकलंत? हा ठोंब्या म्हणे त्याचं मूल!"

"मग तो इतकी माया करणाऱ्या भावाला का मारेल?"

"ते त्याला विचारा. तंबू नारिंगी कुणाचा? त्याचा. चपला कुणाच्या? त्याच्या. आणि माझ्या डॉक्टरला तिथे झोपवून हा कुठे जाऊन पडला? दादाच्या निळ्या तंबूत. का बरं?"

प्रश्न बिनतोड होता. बाईंनी दाढेवरची लवंग जिभेनं सरकवली. "ही अदलाबदल तुम्हाला रात्री माहीत होती?"

"मला कोण सांगतंय! सकाळी कळली. वाकून बघितलं तरी कळलं नसतं म्हणा. दोघेही बापावर गेलेत, डोक्यावरून घेऊन झोपतात." ती थोडी पुढे झुकली. "आणि तिलाही सोडू नका. माझ्या सुनेला. शेगडी तिच्या ताब्यात, पिनांचा डबा तिचा. आणि नवऱ्याच्या मढ्यापुढे काय ओरडत होती माहितीये? 'अरे ऊठ, अरे ऊठ!' नवऱ्याला अरे? दहा वर्षं माझ्यासमोर 'अहो'शिवाय तोंड उघडलं नाही तिनं, मी उघडू दिलं नाही. आज बरोबर खरं तोंड दिसलं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगा जाऊन काही तासही झाले नव्हते आणि म्हातारी 'अरे'-'अहो'चा हिशेब मांडत होती. आईच्या हातात तिच्या स्वतःच्या गोळ्यांची डबी होती आणि ती तिचं झाकण सारखं उघडत-मिटत होती.

३

धाकटा नळाखाली चिखलात बसला होता. पाय अनवाणी, पाण्यानं पांढरे पडलेले. बाईंना पाहून तो उठायला गेला, बेडीनं हिसका दिला, पुन्हा खाली आपटला. शिपाई हसला. बाईंनी त्याला हटकलं नाही.

"दादाला का मारलंस?" त्यांनी थेट विचारलं.

"दादा मेला?"

"मेला."

त्यानं थोडा विचार केला. "मग माझ्या चपला कोण आणणार? त्या खालीच राहिल्या. दादा म्हणाला होता, सकाळी आणून देतो."

"नाटक नको. तू त्याच्या तंबूत का गेलास?"

"पाणी वाजत होतं," तो म्हणाला. "चुळुक, चुळुक. आत येतंय असं वाटत होतं. आईनं मला खालीच झोपायला सांगितलं होतं, मी झोपेत बडबडतो म्हणून. मी झोपलो होतो, पण मला भ्या वाटलं. मग दादाकडे गेलो. दादा म्हणाला, 'तू इथे पड, मी जातो त्या पाण्याजवळ. मला खाणार नाही ते.' आणि हसला, तसाच अनवाणी गेला. मी लगेच झोपलो. दादाची पिशवी ऊबदार होती."

"मग?"

"मग सकाळी वहिनी चहा घेऊन आली. निळ्या तंबूत मी दिसलो तर हसायला लागली. म्हणाली, 'तुम्ही दोघं भाऊ म्हणजे ना, सुधारायचे नाही. कुठे गेले हे?' मी म्हटलं, खाली. मग ती चहा घेऊन खाली गेली."

"पळत गेली?"

"नाही. गाणं म्हणत गेली. मी परत डोक्यावरून घेतलं. मग ती ओरडली, 'अरे ऊठ, अरे ऊठ ना!' मला वाटलं, मलाच म्हणतेय. म्हणून मी उठलो."

"तुला कशाला म्हणेल? ती तुझ्या दादाशी बोलत होती."

धाकट्यानं त्यांच्याकडे कीव करावी तसं बघितलं. "दादाला ती अहो म्हणते. अरे मला म्हणते. आमच्याकडे अरे मीच आहे."

बाईंचा हात गालावरून खाली आला. काहीतरी होतं त्या वाक्यात, पण नेमकं काय ते हाताला लागेना, आणि तेवढ्यात शिपाई फोन घेऊन धावत आला. "मॅडम, गाडी निघाली. साहेब विचारतायत, कबुली घेतली का?"

४

सून निळ्या तंबूतल्या चादरींच्या घड्या घालत होती. एक घडी झाली की मोडायची, पुन्हा घालायची.

"तो माझ्यापेक्षा चांगल्या घालतो," ती म्हणाली. "मॅडम, त्याला नेऊ नका. रात्री दादा जवळपास नसला की त्याला फिट येते. कोठडीत एक रात्र निघायची नाही त्याची."

"त्याला सोडून तुम्हाला नेऊ का?"

"न्या."

बाईंना राग आला. असली उत्तरं त्यांना मुळीच आवडत नसत. "शेगडी कुणी ठेवली होती शेवटी?"

"मी. जेवणं झाल्यावर हिरव्या तंबूबाहेर ठेवली, निखारे होते तशीच. कडी आहे तिला, फडक्यानं धरून कुणीही उचलेल. पिनाही माझ्याच, सुया-दोऱ्याच्या डब्यातल्या. नारिंगी तंबूची चेन तुटली तेव्हा मीच डबा बाहेर काढला. त्याला म्हटलं, आतून पिना लावून घे. तो म्हणाला, टोचतात. सगळे हसलो. डबा तिथेच राहिला."

"म्हणजे दार उघडं आहे, हे सगळ्यांना ठाऊक. आणि रात्री तुम्ही काहीच ऐकलं नाहीत? सासूबाईंच्या तंबूत झोपला होतात ना?"

"हो. नवऱ्याबरोबर झोपायचं नाही, त्यांना एकटीला भीती वाटते. कुठेही गेलो तरी असंच." ती सुकं हसली. "काल रात्री मेल्यासारखी झोपले. डोकं दुखत होतं, तर आईंनी त्यांच्या डबीतली गोळी दिली. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी दिलं हो. मी इतकी भारावले की काय आहे तेही विचारलं नाही."

बाईंनी हिरव्या तंबूकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "नवऱ्याला अरे म्हणालात."

सुनेच्या हातातली चादर थांबली. "ऐकलं ना त्यांनी? रागावल्या असतील." तिचा आवाज तिथेच फुटला. "कॉलेजात एका बाकावर बसायचो आम्ही. अरेच म्हणायचे मी त्याला. लग्न झालं आणि आईंनी बंद केलं. खोलीचं दार लागलं की अरे, उघडलं की अहो. दहा वर्षांत एकदा, एकदासुद्धा त्यांच्यासमोर चुकले नाही. आज चुकले. दार ओढलं, आत तो दिसला, मला वाटलं झोपलाय, तोंडावरची पिशवी खाली सारली, हात लावला, तर गार. तोंडातून अरेच आलं, मॅडम. अहो म्हणून कुणाला उठवायचं?"

आणि ती घडी घातलेल्या चादरीत तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली.

फौजदारीणबाई उठल्या. नळाच्या पाइपाला बांधलेला माणूस त्यांना लांबून दिसत होता. आमच्याकडे अरे मीच आहे! ज्या घरात सुनेच्या तोंडी अरे म्हणजे धाकटाच, त्या घरातल्या माणसानं 'अरे ऊठ' अशी आरोळी ऐकली तर त्याला काय वाटेल?

त्या जवळजवळ पळतच राखणदाराच्या खोलीकडे निघाल्या.

५

राखणदार बोलायला टपलेलाच होता. सकाळपासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं आणि त्याचं पोट फुगलं होतं.

"आजीबाई ना? इथेच होत्या की, या बाकावर. मी चहा दिला. साखर कमी म्हणाल्या, मी घातली, मग जास्त म्हणाल्या. एकेकाची सवय. दोन्ही हातांनी कप घट्ट धरला होता. मी म्हटलं, थंडी आहे. तर म्हणाल्या—"

"सून ओरडली तेव्हा काय झालं, तेवढं सांगा."

"तेच सांगतोय. खालून आवाज आला, 'अरे ऊठ, अरे ऊठ ना!' मी हसलो. म्हटलं, कुणीतरी झोपाळू दिसतंय. आमच्याकडे येणारे लोक दुपारपर्यंत लोळतात, मॅडम. तर आजीबाईंनी कप खाली ठेवला. रुमाल काढला, डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, 'गेला माझा धाकटा.'"

"नक्की हेच शब्द?"

"माझ्या लक्षात राहिले ना! मला वाटलं, कुठे गेला? सकाळी सकाळी फिरायला गेला असेल. त्यात रडायचं काय?"

"मग धावल्या?"

"कुठल्या धावताहेत! रुमालाची घडी घातली. चप्पल घातली. हळूहळू उतरल्या खाली, मी सोबत. दार फाटलेलं होतं. सूनबाई बाजूला झाली, आणि आजीबाईंना चेहरा दिसला." राखणदाराची बडबड पहिल्यांदाच अडखळली. "त्यानंतर जो आवाज त्यांच्या घशातून निघाला ना, मॅडम, तो इथल्या जनावरांचासुद्धा मी कधी ऐकला नाही."

फाटकावर गाडीचा हॉर्न वाजला.

६

साहेब स्वतःच आले होते. बाईंनी त्यांना सलाम ठोकला आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं द्या." मग धाकट्याची बेडी काढायला लावली. सगळे हिरव्या तंबूपुढे जमले. धाकटा मनगट चोळत वहिनीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"याला का सोडलं?" आई ओरडली.

"एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही दोनदा रडलात. दुसऱ्यांदा डॉक्टरसाठी, ते कळलं. पहिल्यांदा कुणासाठी?"

म्हातारीनं राखणदाराकडे पाहिलं. तो घाईघाईनं आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"'गेला माझा धाकटा' असं म्हणालात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"म्हटलं असेल. गेला म्हणजे कुठेतरी निघून गेला, हरवला. नेहमी हरवतो तो."

"निघून गेलेल्याला कुणी 'ऊठ' म्हणत नाही, आजी. तुमच्या कानावर तेवढंच पडलं होतं. 'अरे ऊठ.' उशिरा उठणाऱ्यालाही तेच म्हणतात. राखणदाराला तसंच वाटलं, तो हसला. ज्याला ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटलं, तो हा तुमचा मुलगा, मुकाट्यानं उठला. एकट्या तुम्हीच रुमाल काढलात. कारण नारिंगी तंबूत झोपलेला उठणार नाही, हे फक्त तुम्हाला माहीत होतं."

साहेब काहीतरी बोलणार होते. बाईंनी हात वर केला.

"सूनबाई नाही, साहेब. त्या चहा घेऊन गेल्या तेव्हा निळ्या तंबूत धाकटा होता आणि खाली नवरा. हे कळल्यावर त्या गाणं म्हणत उतरल्या, कप नीट खाली ठेवला, मग दार ओढलं. नारिंगी तंबूत काय ठेवलंय हे ठाऊक असतं, तर तो कप वाटेतच फुटला असता. आणि धाकटा? त्याला दादाला मारायचं असतं तर दादाच्या जागी जाऊन गाढ झोपला असता का, सगळ्यांनी बघावं म्हणून? नाही. ज्यानं शेगडी आत सरकवली त्याला अदलाबदलीचा पत्ताच नव्हता. बाहेर धाकट्याच्या चपला, कारण पोरगं अनवाणी पळालं होतं. आत डोक्यावरून घेऊन झोपलेला एक माणूस. दोघे बापावर गेलेत, वाकून बघितलं तरी कळत नाही, हे तुम्हीच सांगितलंत मला. वाकून बघितलं होतंत ना?"

आईनं डबीचं झाकण उघडलं, मिटलं.

"ती डबी द्या इकडे. सुनेला त्यातली एक दिलीत डोकेदुखीवर म्हणून. कसल्या गोळ्या आहेत, ते तपासात कळेल. झोपेच्याच निघतील, पैज लावा. डॉक्टरनं नोकरी नाकारली, मूल नाकारलं, सगळं एका माणसापायी. तो एक माणूस रात्रीत आपोआप गेला, वेड्यानं शेगडी घेऊन झोपायचा मूर्खपणा केला, तर कोण शंका घेणार होतं? पिना तेवढ्या आतून लावता येत नव्हत्या. आणि तुमची सून दहा वर्षांत एकदाच चुकली. ती नेहमीसारखं 'अहो' म्हणाली असती, तर तुम्हाला बाकावरच कळलं असतं कोण मेलंय, आणि तुम्ही चारचौघींसारख्या 'काय झालं, काय झालं' करत धावला असतात. 'अहो' तुम्हीच सक्तीनं म्हणायला लावलंत. त्यानंच तुम्हाला फसवलं."

शिपायानं डबी काढून घेतली. म्हातारीनं प्रतिकार केला नाही. तिचं फौजदारीणबाईंकडे लक्षच नव्हतं. साहेबांकडे नव्हतं, सुनेकडेही नव्हतं. ती वाकडी होऊन सुनेच्या पाठीमागे बघत होती, तिथे धाकटा एका पायावर दुसरा चिखलाचा पाय ठेवून उभा होता.

"तू का नाही झोपलास तिथे?" ती म्हणाली.

"आई," सून म्हणाली, "नका."

"तुला तुझ्या जागी झोपायला सांगितलं होतं ना मी? सांगितलं होतं की नाही?" तिचा आवाज चढत गेला. "एवढं एक काम सांगितलं होतं. गप पडून राहायचं! तेवढंही तुला जमलं नाही? माझा डॉक्टर गेला रे मेल्या. तू का नाही झोपलास?"

 साहेबांनी टोपी काढली. फौजदारीणबाईंची दाढ अशी काही कळवळली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

धाकटा वहिनीच्या मागून पुढे आला. आई रागावली की जसा उभा राहायचा तसाच, मान खाली घालून, दोन्ही हात मागे बांधून.

"पाणी वाजत होतं, आई," तो म्हणाला. "चुकलं. आज झोपतो."